उपाशी पाण्यातले जीवाणू

माझी धरमपेठेतली नणंद लग्नकार्यात माझी ओळख एका वाक्यात करून देते. "ही आमची वहिनी, घाणीत काम करते." समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघते, मग हळूच ताटाकडे. मला कधी राग आला नाही, कारण नणंद खोटं बोलत नाही. एकतीस वर्षं मी नागपुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि माझ्या टेबलावर जे आलं ते बहुतेक घाणच होतं. सक्करदरा तलावाचं पाणी, कळमेश्वरकडच्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ, गोबरगॅसचा रबडा. त्यातले जीवाणू वेगळे काढायचे, वाढवायचे, ते काय खातात आणि काय सोडतात ते शास्त्रज्ञांना सांगायचं. शास्त्रज्ञ त्यावर पेपर लिहितात. शेवटच्या पानावर आभार असतात, त्यात मी असते.

बाहेरच्या माणसाला हे काम फार अवघड वाटतं. अर्धं काम स्वयंपाकाचं आहे. जीवाणूंना आवडेल असं सूप करायचं, कुकरसारख्या मोठ्या भांड्यात वाफेवर निर्जंतुक करायचं, गार झालं की त्यात चिमूटभर गाळ सोडायचा आणि उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सूप गढूळ झालं की समजायचं, पाहुणे जेवले. माझे नेहमीचे पाहुणे गटारातले, खाऊनपिऊन सुखी. चोवीस तासांत बाटली दुधासारखी पांढरी करायचे. म्हणून आमच्याकडे नियम होता: सात दिवसांत बाटलीत काही वाढलं नाही तर ती फेकायची. तो नियम मीच केला होता. त्या नियमानेच मला आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करायला लावली.

एका सप्टेंबरात थर्माकोलचा एक खोका आला. लक्षद्वीपच्या एका बेटावरून निघालेला, जहाज आणि दोन गाड्या बदलून आलेला. आमचे प्रयोगशाळा परिचर गजाननभाऊ बावणे तो हात लांब करून घेऊन आले.

"मॅडम, यात अंडी सडून राहिली वाटते. घेऊ की नको?"

खोक्यात अंडी नव्हती. काचेच्या बारा नळ्यांत काळाकुट्ट चिखल होता आणि वास गंधकाचा होता. आमचे साहेब डॉ. साठवणे, मूळ भंडाऱ्याचे, अतिशय हळू बोलणारे, त्या नळ्यांकडे सोनाराच्या दुकानात बघावं तसे बघत होते.

"मेश्राम मॅडम," ते म्हणाले, "हा समुद्रगवताच्या मुळाखालचा चिखल आहे. किनाऱ्यावरच्या एका संस्थेने पाठवलाय. त्यांना यातले जीवाणू जमत नाहीयेत. हवा न लागू देता वाढवणं आपल्याला येतं."

"आपल्याला" म्हणजे मला. गटारातले निम्मे जीवाणू हवा लागली की मरतात, त्यामुळे माझा त्यात हात बसला होता. पण समुद्र मी पाहिलेलाही नव्हता. चोपन्न वर्षांची झाले होते आणि सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते तोतलाडोह धरणाचं.

साहेबांनी मला तासभर बसवून समजावलं. ते इथे थोडक्यात सांगते, कारण हेच मला नंतर सगळ्यात सुंदर वाटलं. फोटोत आपण बेटांभोवतीचं निळंशार, तळ दिसणारं पाणी बघतो आणि किती छान म्हणतो. ते पाणी स्वच्छ दिसतं कारण त्यात खाण्यासारखं काही नसतं. उपाशी पाणी आहे ते. तरी त्याच पाण्याच्या तळाशी गवताची कुरणं असतात. साधं, लांब पात्याचं गवत. माशांची पिल्लं त्यात वाढतात, कासवं ते चरतात. मग खत कुठून येतं? आपल्याकडे तुरीच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, हे शेतकऱ्याच्या मुलालाही ठाऊक असतं. समुद्रगवताच्या मुळांवर अशा गाठी नसतात. पण मुळांभोवतीच्या काळ्या चिखलात तसंच काम करणारे जीवाणू राहतात. गवत मुळांतून थोडी साखर पाझरवतं, ती हे खातात, आणि पाण्यात विरघळलेला नायट्रोजन पकडून गवताला पुरवतात. दोघंही गरीब, दोघंही एकमेकांच्या जिवावर उभे.

मी चाळीस बाटल्या लावायला घेतल्या. नेहमीसारखं भरपूर पौष्टिक सूप केलं, फक्त मीठ समुद्राएवढं घातलं. सदतीस बाटल्या झाल्यावर सूपमधलं पौष्टिक, म्हणजे यीस्टचा अर्क आणि पेप्टोन, संपत आलं. नवीन मागवायचं तर पंधरा दिवस. मी उरलेल्या तीन बाटल्यांत दहावा हिस्साच घातला आणि बाकी खारं पाणी. लाज वाटली, पाहुण्यांना पातळ वरण वाढल्यासारखी. साहेबांना सांगितलं नाही. त्या तिघींवर नाव न लिहिता नुसती फुली मारली आणि उबेच्या पेटीत न ठेवता खालच्या कपाटात सरकवल्या.

सात दिवसांनी पाहिलं. दोन-तीन बाटल्या गढूळ झाल्या होत्या, पण ते कुठेही उगवणारे नेहमीचे आगंतुक होते. बाकी सगळ्या जशाच्या तशा. बारा नळ्यांतला चिखलही वापरून संपला होता. मी नियमाप्रमाणे सदतीस बाटल्या वाफेवर मारल्या, ओतून दिल्या आणि नोंदवहीत लिहिलं: वाढ नाही. साहेब म्हणाले, "ठीक आहे, होतं असं." मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दिवाळी झाली, मी रजेवर गेले आणि कपाटातल्या त्या तीन बाटल्या विसरले.

रजेवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ साफसफाई करत होते. ते धुण्याच्या सिंककडून आले तेव्हा त्यांच्या हातात एक बाटली होती.

"मॅडम, कपाटात तीन सापडल्या. नाव नाही, काही नाही. दोन धुतल्या. ही उघडली तर तोच वास, अंड्याचा. आणि आतून काजळीसारखी काळी. धुऊ का?"

बाटलीवर फुली होती.

काळं होणं म्हणजे काय ते मला बघताक्षणी कळलं. गंधकावर जगणारे जीवाणू वाढले की बाटली काळी पडते. पातळ वरणाच्या बाटलीत, दीड महिन्याने, ते उगवले होते. आणि बाटलीचं बूच गजाननभाऊंच्या दुसऱ्या हातात होतं.

मी धावत ती बाटली घेतली, नायट्रोजन वायू सोडला, सुईने थेंब थेंब काढून नव्या बाटल्यांत घातला. आमच्या बाटल्यांत एक रंग असतो, हवा असली की गुलाबी होतो, नसली की पाणी बिनरंगी राहतं. माझ्या सगळ्या नव्या बाटल्या मंद गुलाबी दिसत होत्या. घाईत कुठेतरी हवा शिरली होती. त्यातली एकही पुढे उगवली नाही.

गजाननभाऊ दोन दिवस डबा खायला आमच्या टेबलाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले.

"भाऊ, तुमची काही चूक नाही. बिननावाची बाटली तुम्ही धुणारच. नाव मी लिहिलं नव्हतं."

"पण पहिल्या दोन धुतानाच मले वास आला होता ना मॅडम. तिसरी उघडायच्या आधी विचाराले पाहिजे होतं."

"तुम्ही विचारलं म्हणून तर मले कळलं. नाही तर मी जन्मभर 'वाढ नाही' म्हणत बसली असती."

साहेबांना सांगणं जास्त अवघड होतं. मी त्यांच्या खोलीत उभी राहून सगळं सांगितलं: पेप्टोन संपल्याचं लपवलं होतं, ज्या सदतीस बाटल्या मारल्या त्यांतही हे जीवाणू असतील, त्यांना वेळ हवा होता आणि मी तो दिला नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे तुम्ही चुकून बरोबर केलं आणि नियमाने चूक केली," ते म्हणाले. "मी तुमच्या नोंदवहीवर सही केली आहे, त्यामुळे चूक दोघांची. चिखल पुन्हा मागवू."

त्यांनी किनाऱ्यावरच्या संस्थेला फोन लावला. फोन ठेवून त्यांनी मला आत बोलावलं. ज्या कुरणातून चिखल आला होता ते कुरण संपलं होतं. त्या बेटाजवळ हिरवी कासवं फार वाढली होती, त्यांनी गवत चरून चरून मुळांपर्यंत खाल्लं आणि उरलेला चिखल भरतीने वाहून नेला. मी ओतून दिलेला चिखल त्या कुरणाचा शेवटचा चिखल होता.

या व्यवसायात पश्चात्ताप करायला फार वेळ मिळत नाही, पण त्या आठवड्यात मी केला. सिंकसमोर उभी राहिले की मला त्या बाटल्या दिसत.

पुढच्या सोमवारी साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः जा. कुठे एखादा तुकडा राहिला असेल. नमुना काढणारा आणि वाढवणारा हात एकच असला तर बरं."

घरी नवऱ्याला सांगितलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, पेपर वाचत होते.

"तुले पोहता येते का वं?"

"नाही."

"मग समुद्रात काय करशील?"

"उभी राहीन."

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट आणलं. नागपुरात ते कुठे मिळालं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

परवाना निघाला, केरळपर्यंत रेल्वे, पुढे जहाज. जहाजावरचा प्रवास मी सांगत नाही, कारण तो मी पूर्णवेळ आडवी होऊन केला. बेटावर मला घ्यायला त्या संस्थेने ठरवलेले नावाडी कासिमकोया आले होते. साठीचे, बारीक, लुंगी आणि डोक्याला पांढरा रुमाल. तरुणपणी मालवाहू जहाजांवर काम केल्याने त्यांना हिंदी येत होती. त्यांची हिंदी जहाजावरची, माझी नागपूरच्या इतवारी बाजारातली, पण जमलं.

पहिले दोन दिवस आम्ही नावेतून बेटालगतच्या उथळ पाण्यात फिरलो. पाणी इतकं स्वच्छ की नाव हवेत तरंगतेय असं वाटायचं. खाली नुसती पांढरी वाळू. कासिमकोया वल्हं रोखून सांगायचे, "दीदी, इधर घास था. उधर भी था." मधून एखादं कासव खालून सावकाश जायचं. मी त्याच्याकडे रागाने बघायची.

"उसपे गुस्सा मत करो," कासिमकोया म्हणाले. "भूखा है."

तिसऱ्या दिवशी सकाळी नावेत बसताना मला सुचलं की मी त्यांना चुकीचं विचारतेय. गवत कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, "कासिमभाई, सड़े अंडे की बास किधर आती है?"

ते हसले. आधी मला किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे बायका नारळाची सोडणं खाऱ्या चिखलात पुरून कुजवत होत्या, त्याचा काथ्या निघतो. वास जबरदस्त होता, पण गवत नव्हतं. मला बायका काथ्याची दोरी दाखवायला लागल्या, मी त्यांना खुणेने सांगितलं की मला दोरी नको, चिखल हवाय. त्या एकमेकींकडे बघून खूप हसल्या. मग त्यातली सगळ्यात म्हातारी कासिमकोयांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

पूर्वी सोडणं पाण्याच्या थोडी आत पुरत असत. ती वाहून जाऊ नयेत म्हणून भोवती दगड रचलेले आणि वर जुनी जाळी ताणलेली. ती जागा कित्येक वर्षं कुणी वापरली नव्हती. नाव तिथे गेली. दगडांच्या आत, फाटक्या जाळीखाली, दोन पलंगांएवढा हिरवा तुकडा लाटेबरोबर डुलत होता. जाळीमुळे कासवांना आत शिरता आलं नव्हतं.

मी नारिंगी जॅकेट घालून नावेतून उतरले. ओहोटीचं पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत, कोमट. पायाखाली आधी वाळू, मग गवताच्या कडेला पाय टेकला तो मऊ, घट्ट मुळांच्या गादीवर. मी तिथेच उभी राहिले. आयुष्यभर मी जीवाणू काचेत पाहिले होते. त्यांच्या घराच्या दारात पहिल्यांदा आले होते.

मला आठ नळ्या भरायला सांगितलं होतं. नळी मुळांत घुसवली की गवताचा एक गोल तुकडा निघून येतो आणि तिथे भोक राहतं. पहिली नळी काढली तेव्हा ते भोक पाहिलं. दुसरी काढली. तिसऱ्या नळीनंतर मी हात थांबवला.

"आठ बोला था," कासिमकोया म्हणाले.

"तीन बस."

त्यांनी नावेतून वाकून तिन्ही भोकांत वाळू आणि चिखल हाताने दाबून भरला.

परतीच्या रेल्वेत नळ्या ओल्या टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून मी मांडीवर ठेवल्या होत्या. बर्फात ठेवता येत नव्हत्या, गरम पाण्यातले जीव ते. दुसऱ्या दिवशी दुपारी नळीचं एक बूच थोडं सैल झालं. समोरच्या बाकावर बल्लारशाहचं एक जोडपं होतं. बाईंनी आपला डबा उघडून वास घेतला, बंद केला, मग नवऱ्याच्या पिशवीतली अंडी खिडकीतून फेकायला लावली. मी कबूल केलं. त्यांना वाटलं मी औषध नेते. समुद्रातल्या गवताच्या मुळाचा चिखल आहे म्हटल्यावर बाईंनी नवऱ्याला विचारलं, "यांना काहून पाठवलं असंल एवढ्या दूर?" तो म्हणाला, "सरकारी आहे." तेवढं त्यांना पुरलं.

या वेळी मी सूप जाणून पातळ केलं, दहाव्या हिश्श्याचं, आणि काही बाटल्यांत त्याहून पातळ. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, आणि मोठ्या अक्षरांत माझी सही. सात दिवसांचा नियम मी स्वतः खोडला. गजाननभाऊंनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. साहेबांनाही ते विचारून, वेळ बघून उघडून द्यायचे.

एक महिना काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात मला वाटलं एक बाटली करडी दिसते, गजाननभाऊ म्हणाले, "तुमचा चष्मा करडा झाला." सहाव्या आठवड्यात तेच म्हणाले, "मॅडम, या एकदा." चार बाटल्यांच्या तळाशी काजळ उतरलं होतं. सगळ्या त्या आणखी पातळ सूपवाल्या.

पण काळ्या बाटलीवरून ते गवताला खत देतात का, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी एक चाचणी असते. वेल्डिंगवाले वापरतात तो ॲसिटिलीन वायू बाटलीत सोडायचा. जो जीवाणू नायट्रोजन पकडू शकतो, तो या वायूचं इथिलीन करतो, ज्याने फळं पिकतात तो वायू. मग बाटलीतली हवा सुईने काढून यंत्रात टाकायची. इथिलीन असेल तर पडद्यावरच्या सरळ रेघेत एक टेकडी उठते.

मी हवा टाकली. रेघ सरळ चालली. साहेब माझ्या मागे उभे, गजाननभाऊ दारात. ॲसिटिलीनच्या मोठ्या डोंगराच्या आधी, जिथे उठायला हवी तिथे, रेघ थोडी वर आली, अजून वर गेली आणि खाली आली. छोटी, स्वच्छ टेकडी.

"पुन्हा टाका," साहेब म्हणाले.

पुन्हा टाकलं. पुन्हा टेकडी. साहेबांनी चष्मा काढला आणि या वेळी डोळे पुसले. गजाननभाऊ म्हणाले, "झालं ना मग? आता जेवाले चला, दोन वाजले."

मला सदतीस बाटल्यांचं वाईट आजही वाटतं. त्या कुरणात आणखी कोणते जीवाणू होते ते आता कुणालाच कळणार नाही. जास्त खाणं त्यांना मानवलं नाही, की सात दिवस कमी पडले, की दोन्ही, हेही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तीन नळ्यांतून जे जगले ते जगले. पेपर निघाला, आणि त्यात माझं नाव आभारांत नव्हतं, वर लेखकांच्या ओळीत होतं. नणंदेने त्या पानाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं होतं, घाणीतल्या आमच्या वहिनी.

निकाल आला त्याच दिवशी मी कासिमकोयांना फोन केला होता. किनाऱ्यावरची संस्था तेव्हा दुसऱ्या कुरणांतून रोपं आणून लावत होती आणि ती मरत होती. लावण्याआधी मुळं मोजायला ते ती स्वच्छ धुवायचे. मी सांगितलं, धुऊ नका, मुळासकट काळा चिखल तसाच येऊ द्या, त्याच्याबरोबर त्यांचे सोबती येतील. साहेबांनी तेच संस्थेला लेखी कळवलं. कासिमकोयांनी वाट पाहिली नाही. जुन्या जाळीभोवती आणखी जाळी ताणली, तुकड्याच्या कडेचे ढेकळासारखे गोळे चिखलासकट उचलून आत पेरले. काही गेले, बरेच धरले. दर दोन-तीन महिन्यांनी ते फोटो पाठवतात. फोटोत आधी त्यांचा अंगठा असतो, मग गवत.

मी आता निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"दीदी, घास जाली के बाहर आ गया."

"कितना?"

"मेरी नाव तीन बार रखो, उतना. लेकिन एक कछुआ भी आ गया. रोज़ सुबह. भगाऊँ क्या?"

मी विचार केला. तीन नावांएवढं गवत. खाली काळा चिखल, आणि त्यात जे राहतात ते.

"एक ही है?"

"एक ही."

"तो खाने दो. सिर्फ ऊपर के पत्ते. जड़ मत उखाड़ने देना."

"दीदी," ते म्हणाले, "ये बात उसको आप आके समझाओ."

मी शेजारच्या खोलीकडे वळून विचारलं, बेटावर येता का. नवऱ्याने होय म्हटलं. गजाननभाऊंना फोन लावला, त्यांनी फक्त विचारलं की तिथे थंडी असते का. फेब्रुवारीची तीन तिकिटं काढली आहेत.